परिहार-अध्ययन व इशाऱ्याचा काल

परिहार-अध्ययन : पुढे येऊ घातलेल्या दुःखद उद्दीपकाची सूचना मिळताच विशिष्ट प्रतिक्रिया करून तो उद्दीपक टाळावयास प्राणी शिकतो, त्या प्रक्रियेस परिहार-अध्ययन असे म्हणतात. सुटकेच्या अध्ययनाहून ही प्रक्रिया भिन्न आहे. सुटकेच्या अध्ययनात दुःखद उद्दीपक प्रत्यक्ष सुरू होतो आणि प्राणी त्यापासून दूर जातो. परिहारात तो उद्दीपक येतच नाही. सूचना देणाऱ्या उद्दीपकास ‘इशारा’ म्हणतात. तो केव्हा सुरू व्हावा, किती वेळ टिकावा आणि प्रतिक्रियेनंतर केव्हा थांबावा, ह्या वरवर पाहता तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नांभोवती विसाव्या शतकातील अध्ययनविषयक उपपत्तींचा एक मोठा वाद झाला. त्या वादातील बरेचसे प्रयोग पांढऱ्या उंदरांवर झाले.

वादाचे मूळ एका साध्या अडचणीत होते. उंदीर पळाला, धक्का बसला नाही आणि पळण्याची सवय दृढ झाली, असे प्रयोगात दिसते. परंतु जे घडलेच नाही ते एखाद्या सवयीला बळ कसे देणार? अन्न मिळाले, पाणी मिळाले, वेदना थांबली, ह्या घटना आहेत; धक्का न बसणे ही घटना नव्हे. उंदराला त्याच्या सबंध आयुष्यात क्षणोक्षणी धक्का बसत नसतोच. ‘पुढे काय होणार हे त्याला कळते म्हणून तो पळतो’ हे उत्तर सामान्य माणसाला पुरेसे वाटेल. पण प्राण्यांच्या मनातील अपेक्षांविषयी बोलणे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी वर्ज्य मानले होते. भविष्यकाळातील धक्का वर्तमानकाळातील पळण्याचे कारण होऊ शकत नाही, म्हणून कारण वर्तमानातच शोधले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि वर्तमानात हाती लागणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे इशारा.

प्रारंभीचे प्रयोग : रशियन मज्जाविकारतज्ञ व्ह्लद्यीम्यिर बेख्तेरेव (१८५७–१९२७) ह्याने लाळेऐवजी अवयवांच्या हालचालींवर अभिसंधानाचे प्रयोग केले. घंटा वाजल्यानंतर विजेचा सौम्य धक्का दिला, की काही फेऱ्यांनंतर नुसत्या घंटेनेच पाय किंवा बोट मागे घेतले जाते, असे त्यास आढळले. ह्या पद्धतीत एक खोच होती व ती पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिली. माणसाचे बोट विद्युत्‌अग्रावर नुसते टेकलेले असेल, तर घंटा ऐकून बोट उचलणाऱ्यास धक्का बसतच नाही. ते बांधलेले असेल, तर बोट हलवूनही धक्का बसतोच. पहिली मांडणी परिहाराची आहे, दुसरी इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) ह्याच्या अभिजात अभिसंधानाची. दोन्हींची गणना अनेक वर्षे एकाच सदरात होत राहिली.

हा भेद स्पष्ट करणारा प्रयोग ब्रॉग्डन, लिपमन आणि कलर ह्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. फिरत्या चक्रात ठेवलेल्या गिनीपिगांना दर सेकंदास १,००० आवर्तनांचा ध्वनी ऐकवीत व २ सेकंदांनी धक्का देत. एका गटातील प्राणी ध्वनी ऐकून धावला, तरी त्यास धक्का चुकत नसे. दुसऱ्या गटात धावणाऱ्यास धक्का दिला जात नसे. धक्क्याच्या सान्निध्यानेच अध्ययन होत असेल, तर ज्यांना प्रत्येक फेरीत धक्का बसतो ते अधिक शिकावयास हवे होते. प्रत्यक्षात उलटे घडले. टाळता येणाऱ्या गटाची प्रगती सलग होऊन ती शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचली. दुसरा गट बराच मागे आणि अनियमित राहिला. कारण इशारा व धक्का ह्यांच्या जोडीत नव्हे, तर प्रतिक्रियेच्या परिणामात होते. पण तो परिणाम नेमका कोणता?

मौररची द्विघटक उपपत्ती : येल विद्यापीठाच्या मानवी संबंधविषयक संस्थेत १९३० नंतरच्या दशकात क्लार्क हल (१८८४–१९५२) ह्याच्या प्रेरणाक्षय-सिद्धांताचा प्रभाव होता. जी प्रतिक्रिया केल्याने प्रेरणेचा ताण कमी होतो ती दृढ होते, असे तो सिद्धांत सांगतो. त्याच संस्थेत काम करणाऱ्या ओ. हॉबर्ट मौरर (१९०७–८२) ह्याने १९३९ मध्ये ह्या सिद्धांताची सांगड सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) ह्याच्या चिंताविषयक विचारांशी घातली. चिंता ही धोक्याची खूण असते, असे फ्रॉइडने १९२६ मध्ये मांडले होते. मौररच्या मते इशारा व धक्का वारंवार एकत्र आल्याने प्राण्यास इशाऱ्याचेच भय वाटू लागते. भय ही प्रेरणा असल्याने ते कमी करणारी कोणतीही कृती दृढ होते. उंदीर धक्का टाळण्यासाठी पळत नाही, इशाऱ्याने उत्पन्न झालेल्या भयातून सुटण्यासाठी पळतो. धक्का टळणे हा त्याचा आनुषंगिक लाभ. भय जडण्याची क्रिया पाव्हलॉव्हच्या पद्धतीने आणि पळण्याची सवय प्रेरणाक्षयाने, अशा दोन स्वतंत्र प्रक्रिया मौररने १९४७ मध्ये मानल्या, म्हणून ही उपपत्ती द्विघटक उपपत्ती म्हणून ओळखली जाते. काळाशी खेळण्याची हौस मौररला पूर्वीपासूनच असावी. अंथरुण ओले होताच घंटा वाजवून मुलास जागे करणारे साधन त्याने व त्याच्या पत्नीने १९३८ मध्ये वर्णिले होते, आणि त्या तत्त्वावरील उपाय बालरोगचिकित्सेत आजही वापरला जातो.

द्विघटक उपपत्तीतून एक भाकीत सरळ निघते : इशारा ज्या क्षणी थांबतो तो क्षण निर्णायक असला पाहिजे. मौरर व लॅमोरो ह्यांनी १९४२ मध्ये नेमकी ह्याचीच परीक्षा घेतली. ह्या प्रकारच्या प्रयोगांत दोन कप्प्यांची, धातूच्या सळयांच्या तळाची पेटी वापरतात. तळातून वीजप्रवाह सोडता येतो व उंदीर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन तो टाळू शकतो. ह्या पेटीस ‘शटल-पेटी’ म्हणतात, कारण पुढच्या फेरीत उंदरास मागे, म्हणजे थोड्याच वेळापूर्वी जेथे धक्का बसला त्याच कप्प्यात, परतावे लागते. मौरर व लॅमोरो ह्यांच्या तीन गटांपैकी प्रत्येकात वेळेवर पळालेला उंदीर धक्का टाळीत असे. फरक होता तो इशाऱ्याच्या अखेरीचा. एका गटात इशारा क्षणभर वाजून प्रतिक्रियेपूर्वीच थांबे, दुसऱ्यात तो प्रतिक्रियेबरोबरच थांबे, तर तिसऱ्यात प्रतिक्रियेनंतर आणखी ५ सेकंद चालू राही. तिन्ही गटांना मिळणारा व्यावहारिक लाभ सारखाच असूनही दुसरा गट सर्वांत चांगला शिकला. धक्का टाळण्यापुरतेच महत्त्व असते, तर तिन्ही गट समान ठरते. भयाची भूमिका सिद्ध झाली, असे त्या वेळी अनेकांना वाटले ते स्वाभाविक होते.

भय हे स्वतंत्रपणे प्रेरणा म्हणून कार्य करू शकते, हे नील मिलर (१९०९–२००२) ह्याने १९४८ मध्ये दाखविले. पांढऱ्या कप्प्यात पूर्वी धक्का बसलेले उंदीर, पुढे धक्का मुळीच दिला नसतानाही, काळ्या कप्प्याचे दार उघडण्यासाठी चाक फिरविण्यास आणि नंतर चाक निरुपयोगी केल्यावर दांडी दाबण्यास शिकले. नवी सवय निव्वळ भयाच्या बळावर लागू शकते, हे ह्यावरून दिसले.

इशारा व धक्का ह्यांतील अंतर : इशारा सुरू झाल्यापासून धक्का बसेपर्यंतचा काळ किती असावा, ह्या प्रश्नास अभिजात अभिसंधानात सुटसुटीत उत्तर मिळाले होते. माणसाच्या बोट मागे घेण्याच्या प्रतिक्रियेवरील १९३० च्या सुमाराच्या प्रयोगांत सु. अर्ध्या सेकंदाचे अंतर सर्वांत लाभदायक ठरले, आणि हा आकडा पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नियम म्हणून स्थिरावला. परिहाराला तो लावता येत नाही, ह्याचे कारण उंदराच्या पायांत आहे : पेटीचा एक कप्पा ओलांडून जाण्यासच अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. अंतर फार अल्प असेल, तर इशारा कळूनही उंदीर वेळेवर पोहोचत नाही. प्रत्येक फेरीत धक्का खातो आणि टाळण्याचा अनुभवच त्याच्या वाट्यास येत नाही. अंतर फार मोठे असेल, तर इशाऱ्याच्या आरंभीच्या क्षणांशी धक्क्याचा संबंध सैल होतो. म्हणून काही सेकंदांचे, बहुधा ५ ते १० सेकंदांचे अंतर शटल-पेटीत प्रचलित झाले.

परंतु अंतराचा परिणाम इशारा मधल्या काळात चालू आहे की नाही ह्यावरही अवलंबून असतो. लिऑन केमिन (१९२७–२०१७) ह्याने १९५४ मध्ये कुत्र्यांना अल्पकाळ इशारा देऊन तो बंद केला आणि मग ५, १०, २० किंवा ४० सेकंदांच्या अंतराने धक्का दिला. मधला रिकामा काळ वाढला तसे अध्ययन खालावले. ह्याउलट इशारा धक्क्यापर्यंत अखंड चालू ठेवला, तेव्हा चर्च, ब्रश व सॉलोमन ह्यांना १९५६ मध्ये कुत्र्यांत अंतराचा असा ठळक परिणाम आढळला नाही. चालू असलेला इशारा प्राण्यास क्षणोक्षणी आठवण देतो. थांबलेल्या इशाऱ्याचा संबंध प्राण्यास स्वतः जपून ठेवावा लागतो. अंतराचा ‘इष्टतम’ आकडा शोधणारे कित्येक निबंध ह्या भेदाकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे परस्परांशी जुळत नाहीत, असे म्हणावे लागते.

केमिनचे १९५६ व १९५७ चे प्रयोग : ह्या विषयातील सर्वांत स्वच्छ प्रयोग म्हणून केमिनच्या १९५६ मधील प्रयोगाचा निर्देश करावा लागेल. मौररच्या मांडणीत इशारा थांबणे व धक्का टळणे ह्या दोन गोष्टी एकाच कृतीचे फळ होत्या. केमिनने त्या वेगळ्या केल्या. उंदरांचे चार गट करण्यात आले. पहिल्यात पळताच इशारा थांबे आणि धक्काही टळे. दुसऱ्यात इशारा थांबे, पण ठरल्या वेळी धक्का बसेच. तिसऱ्यात धक्का टळे, पण इशारा ठरलेल्या वेळेपर्यंत वाजत राही. चौथ्यात पळून काहीच साधत नसे. पहिला गट सर्वांत सरस आणि चौथा सर्वांत मागे, हे अपेक्षितच होते. मधले दोन गट मात्र दोहोंच्या दरम्यान, एकमेकांच्या जवळपास राहिले. मौररच्या समर्थकांनी दुसऱ्या गटाकडे बोट दाखविले : धक्का टळत नसतानाही केवळ इशारा थांबण्याने उंदीर काही अंशी शिकले. विरोधकांनी तिसऱ्या गटाकडे : इशारा थांबत नसतानाही केवळ धक्का टळण्याने ते तितकेच शिकले. एकाच आकृतीतून दोन्ही पक्षांना आधार मिळाला, आणि तो न्याय्य होता.

पुढील वर्षी केमिनने इशाऱ्याची अखेर प्रतिक्रियेपासून २.५, ५ व १० सेकंदांनी लांबविली. जसजसा विलंब वाढला तसतसे अध्ययन घटत गेले. भूक लागलेल्या उंदरास अन्न उशिरा दिले असता जो उतार मिळतो, त्याच जातीचा हा उतार होता. इशारा थांबणे हे उंदराच्या दृष्टीने काहीतरी मिळण्यासारखे आहे, हे ह्यावरून निश्चित झाले. ते भयाचे शमन आहे की आणखी काही, हे ठरले नाही.

इशाऱ्याविना परिहार : मरी सिडमन (१९२३–२०१९) ह्याने १९५३ मध्ये इशाराच काढून टाकला. त्याच्या पद्धतीत ठराविक अंतराने अल्पकाळाचे धक्के येत राहतात. प्रत्येक वेळी तरफ दाबली, की पुढचा धक्का ठराविक काळ, समजा २० सेकंद, लांबतो. घंटा नाही, दिवा नाही. तरीही उंदीर तासन्‌तास नियमितपणे तरफ दाबीत राहिले. द्विघटक उपपत्तीच्या समर्थकांनी येथे काळालाच इशारा मानले : शेवटच्या प्रतिक्रियेनंतर जितका वेळ लोटतो तितके भय वाढते आणि तरफ दाबताच ते घड्याळ पुन्हा शून्यावर येते. अँगर ह्याने १९६३ मध्ये ही कल्पना तपशिलाने मांडली. लिबी व चर्च ह्यांनी १९७४ मध्ये उंदरांच्या परिहार-प्रतिक्रियांचे कालमापन केले, तेव्हा धक्क्याची वेळ जवळ येते तशी प्रतिक्रियेची संभाव्यता वाढते असे आढळले. उंदरास काळाचा अंदाज असतो, ह्यात शंका उरली नाही.

सिडमननेच १९५५ मध्ये आपल्या पद्धतीत धक्क्यापूर्वीच्या शेवटच्या काही सेकंदांत इशारा जोडला. तरफ लवकर दाबली तर धक्काच काय, इशाराही टाळता येत होता. इशारा भयप्रद असेल, तर उंदरांनी तोही टाळावा अशी अपेक्षा; पण प्राणी बहुधा स्वस्थ राहून इशाऱ्याची वाट पाहत आणि तो आल्यावरच तरफ दाबीत. येथे इशारा छळणारी वस्तू न राहता वेळ सांगणारी खूण झाला होता. ह्या निरीक्षणास त्या काळी मिळाले त्याहून अधिक महत्त्व मिळावयास हवे होते.

भय हे परिहाराचे इंधन असेल, तर परिहार चालू आहे तोवर भयही टिकले पाहिजे. रिचर्ड सॉलोमन (१९१८–९५) आणि लायमन विन ह्यांच्या १९५३–५४ च्या प्रयोगांतील कुत्रे तीव्र धक्क्याच्या थोड्याच अनुभवानंतर शेकडो फेऱ्या धक्क्याविना उडी घेत राहिले; त्यांची उडी अधिकाधिक तत्पर होत गेली आणि बाह्यतः ते निश्चिंत दिसू लागले. प्रतिक्रिया इतकी लवकर होते, की भयास पुरते जागे होण्यास वेळच मिळत नाही, आणि जे जागे होत नाही ते विरूनही जात नाही, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते चतुर आहे, परंतु त्यामुळे भयाचे मोजमाप निराळ्या मार्गाने करणे अपरिहार्य झाले. केमिन, ब्रिमर व ब्लॅक ह्यांनी १९६३ मध्ये ते केले. अन्नासाठी तरफ दाबणाऱ्या उंदरांना शटल-पेटीत लागोपाठ १, ३, ९ किंवा २७ वेळा धक्का टाळेपर्यंत शिक्षण दिले व नंतर तोच इशारा अन्नाच्या पेटीत ऐकविला. तरफ दाबणे जितके थांबेल तितके भय अधिक. २७ वेळा यशस्वी झालेल्या उंदरांत ९ वेळा यशस्वी झालेल्यांपेक्षा भय कमी आढळले. पळणे मात्र अधिक पक्के झाले होते. भय व परिहार ह्यांची वाटचाल जोडीने होत नाही, हे ह्या प्रयोगाने दाखविले.

पर्यायी उपपत्ती : हर्न्स्टाइन व हाइनलाइन ह्यांनी १९६६ मध्ये धक्क्यांची वेळ पूर्णतः यदृच्छ ठेवली. तरफ दाबल्याने धक्के थांबत नसत, फक्त त्यांचे प्रमाण काही काळ घटे. काळाला इशारा मानण्याचीही सोय येथे नव्हती. तरीही बहुतेक उंदीर शिकले. धक्क्यांच्या वारंवारतेतील घट हेच प्रबलन, असा त्यांचा निष्कर्ष होता. रॉबर्ट बोल्स (१९२८–९४) ह्याने दुसऱ्याच बाजूने हल्ला चढविला. धोका दिसताच उंदीर पळतो, निश्चल होतो किंवा प्रतिकार करतो. निसर्गात त्यास सावकाश शिकत बसण्याची मुभा नसते. म्हणून पेटीतून उडी मारून बाहेर पडण्यास तो एक-दोन फेऱ्यांत शिकतो, शटल-पेटीत काही दशक फेऱ्या लागतात आणि तरफ दाबून धक्का टाळण्यास शेकडो फेऱ्यांनंतरही कित्येक उंदीर शिकत नाहीत. बोल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखविल्याप्रमाणे इशारा थांबण्याचे महत्त्वही साधनागणिक व प्रतिक्रियेगणिक बदलते. पुढे बोल्स व ग्रॉसन ह्यांनी १९६९ मध्ये प्रतिक्रियेनंतर इशारा न थांबविता एक वेगळाच उद्दीपक दिला. त्यानेही अध्ययनास तेवढीच मदत झाली. इशारा थांबणे ही ‘आता सुरक्षित आहे’ अशी वार्ता असते आणि ती वार्ता अन्य खुणेनेही देता येते, असा ह्याचा अर्थ लावण्यात आला. मौररने १९४२ मध्ये जे मोजले ते भयाचे शमन म्हणून समजले गेले. आज त्याकडे सुरक्षिततेची सूचना म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. २०१४ मध्ये केंब्रिज येथील प्रयोगांतही सुरक्षिततेची खूण उंदरांच्या परिहार-प्रतिक्रियेस प्रबलन देते, असे आढळले.

औषधशास्त्र व मेंदू : इशारा व धक्का ह्यांतील काही सेकंदांचे अंतर औषधशास्त्रास अनपेक्षितपणे उपयोगी पडले. कुर्व्हॉइझिए व तिच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये घंटा वाजताच दोरावर चढून धक्का टाळणाऱ्या उंदरांना क्लोरप्रोमॅझीन दिले. घंटा वाजली तरी उंदीर जागचे हालत नसत. धक्का बसताच मात्र दोरावर चढत. स्नायूंची शक्ती शाबूत होती, नाहीसा झाला होता तो इशाऱ्याचा प्रभाव. निव्वळ गुंगी आणणाऱ्या औषधांपासून मनोविकारांवरील औषधे वेगळी ओळखण्याची ही कसोटी पुढे औषधनिर्मितीत दीर्घकाळ रूढ झाली. २०१२ मध्ये इशाऱ्याच्या क्षणी उंदराच्या मेंदूतील एका केंद्रात होणारा डोपामिनाचा स्राव सेकंदाहून कमी कालावधीत मोजण्यात आला. ज्या फेऱ्यांत हा स्राव वाढला त्यांत उंदीर धक्का टाळण्यात यशस्वी होई. त्याआधी, २०१० मध्ये, न्यूयॉर्क येथील जोसेफ लेडू व त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते, की इशारा ऐकून निश्चल होणाऱ्या व म्हणून न शिकणाऱ्या उंदरांच्या बदामकेंद्राचा मध्यवर्ती भाग निकामी केल्यास ते टाळू लागतात. अतिरिक्त भय परिहारास साहाय्य करीत नाही, अडथळा करते. बोल्सच्या मताशी हे सुसंगत आहे.

धक्क्याचे प्रयोग करताना प्राण्यास होणाऱ्या यातनेचा प्रश्न अर्थातच टाळता येत नाही. अमेरिकेतील १९६६ च्या प्राणिकल्याण कायद्याच्या कक्षेतून संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर २००२ मधील दुरुस्तीने स्पष्टपणे वगळले गेले, ही विसंगती लक्षणीय आहे. तेथे त्यांचे संरक्षण मुख्यतः अनुदान देणाऱ्या संस्थांच्या नियमांवर अवलंबून राहिले. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार होते, आणि त्यांतून उंदीर वगळलेला नाही.

चिकित्सेतील उपयोग : इशारा आला, तरी पळू न देता प्राण्यास तेथेच थांबवून ठेवले व धक्का दिला नाही, तर परिहाराचे विलोपन झपाट्याने होते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले होते. बॉम ह्याने १९६६ पासून ह्या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. येथेही काळाचे महत्त्व कायम राहिले : थांबवून ठेवण्याचा कालावधी जितका अधिक, तितके विलोपन सुलभ. त्याच वर्षी लंडनमधील व्हिक्टर मायर ह्याने वारंवार हात धुण्यासारख्या कृतींनी ग्रस्त रुग्णांना त्या कृतींपासून परावृत्त ठेवून उपचार केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. ह्या उपचारपद्धतीस आज भावातिरेकी अनिवार्यता विकृतीच्या चिकित्सेत प्रमुख स्थान आहे. उंदरांच्या बाबतीत मात्र पेज ह्याने १९५५ मध्येच एक गोष्ट नोंदविली होती. अडवून ठेवल्यामुळे पळणे सोडून दिलेले उंदीर, पुढे अन्नासाठी त्याच कप्प्यात जाण्याची वेळ आली, तेव्हा इतरांपेक्षा अधिक काळ उंबरठ्यावर घुटमळत राहिले.